उत्तर कधीपर्यंत हवं?

कार्यालयात माणसं एकमेकांशी दोन प्रकारे बोलतात. एकात दोघंही त्याच क्षणी हजर असतात: बैठक, फोन, व्हिडिओ कॉल, टेबलाशी येऊन विचारलेला प्रश्न. दुसऱ्यात एक जण आपलं म्हणणं लिहून ठेवतो आणि दुसरा सवडीनं वाचून उत्तर देतो: पत्र, ईमेल, फाइलवरची टिपणी, टिकेटवरचा शेरा. पहिल्याला थेट संवाद म्हणू आणि दुसऱ्याला सवडीचा; संगणक क्षेत्रातले लोक यांनाच रिअल टाइम आणि असिंक्रोनस म्हणतात. २०२०च्या टाळेबंदीपासून या दोहोंत तोल कसा राखायचा याची चर्चा फार वाढली, पण ती बहुतेकदा साधनांपाशीच अडते. बैठका कमी करा, ईमेल सोडून चॅट वापरा, चॅट सोडून आणखी काही वापरा, असे सल्ले दिले जातात. माझं म्हणणं असं आहे की साधन बदलून हा तोल सापडणार नाही. या मजकुराचं उत्तर कधीपर्यंत हवं आहे, आणि ते पाठवणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सारखंच ठाऊक आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. आज बहुतेक ठिकाणी हे ठरलेलंच नसतं. त्यामुळे लिहिलेल्या चार शब्दांनाही फोनच्या घंटीची घाई येते; लिहिण्यातली सवड हातची जाते आणि बोलण्यातला खुलासाही मिळत नाही.

पूर्वी ही अपेक्षा साधनातच ठरलेली असे. पोस्टात टाकलेल्या पत्राला उत्तर यायला दिवस लागणार हे दोन्हीकडे माहीत असे, आणि फोन उचलला की तिथल्या तिथे बोलायचं हेही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिली ईमेल पाठवली, तेव्हा तिचा स्वभाव पत्राचाच होता. चॅटनं ही सीमा पुसून टाकली. स्लॅक २०१४मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७मध्ये आलं, आणि आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप कुणीही न बोलावता कार्यालयात येऊन बसलं. या साधनांतला मजकूर लेखी असतो, जपून राहतो, केव्हाही वाचता येतो. म्हणजे तो सवडीचा. पण नावापुढचा हिरवा ठिपका, 'टायपिंग' अशी सूचना आणि दोन निळ्या खुणा सांगत राहतात की समोरचा आत्ता तिथेच आहे. आहे, वाचलंही आहे, तर मग उत्तर का देत नाही, हा प्रश्न पाठवणाऱ्याच्या मनात येतो; आणि तो त्याच्या मनात आला असेल, या धास्तीनं वाचणारा हातातलं काम टाकतो.

या धास्तीची किंमत संशोधकांनी तपासली आहे. सोफी लरॉय यांनी २००९मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळल्यावर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कमी प्रतीचं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रातल्या ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या प्रयोगात मात्र अनपेक्षित निष्कर्ष निघाला. ज्यांच्या कामात व्यत्यय आणला गेला त्यांनी काम उलट लवकर संपवलं, आणि दर्जातही फरक दिसला नाही. वाढला तो ताण, वैताग, वेळेचं दडपण आणि श्रम. व्यत्ययानं उत्पादकता घटते असं सरसकट म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष अडचणीचा वाटेल, पण माझ्या मते तोच जास्त गंभीर आहे. व्यवस्थापकाच्या तक्त्यात जे दिसतं ते ठीकच असतं: काम वेळेत झालं, चुका नाहीत. नुकसान झालं आहे ते तक्त्याबाहेर, माणसाच्या मनःस्वास्थ्यात, आणि ते ज्याला सोसावं लागतं त्यानं बोलून दाखवल्याशिवाय कुणाला कळत नाही. बैठकांचा खर्च निदान मोजता तरी येतो. आठ माणसं तासभर बसली की एका माणसाचा पूर्ण दिवस गेला. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली सॉफ्टवेअर प्रकल्पांबद्दल लिहिताना दाखवलेलं गणितही साधं आहे: पाच माणसांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, बारा माणसांत ६६. गट वाढतो त्याहून कितीतरी वेगानं बोलणं वाढतं.

मग थेट केव्हा बोलावं आणि लिहावं केव्हा? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर अ‍ॅलन डेनिस, रॉबर्ट फुलर आणि जोसेफ व्हॅलासिच यांच्या २००८च्या मांडणीत आहे. एकत्र काम करताना संवादातून दोन गोष्टी घडतात, असं ते म्हणतात. एक, माहिती पोचवणं. दुसरी, त्या माहितीच्या अर्थावर एकमत होणं. माहिती पोचवताना वाचणाऱ्याला वेळ लागतो: आकडे ताडून पाहायचे असतात, मागचा संदर्भ काढायचा असतो, विचार करायचा असतो. तिथे सवडीचं माध्यम सरस ठरतं. अर्थ जुळवताना मात्र छोट्या छोट्या देवाणघेवाणीची गरज असते. 'म्हणजे असंच ना?' 'नाही, तसं नाही.' हे चेहरा पाहत, आवाज ऐकत पाच मिनिटांत उरकतं आणि मेलवर दोन दिवस चालतं. बहुतेक कामांत दोन्ही गोष्टी लागतात, त्यामुळे बैठक की मेल असा वाद घालण्याऐवजी कामाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत ते पाहावं. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि त्याजागी सलग गद्यातलं टिपण आणलं. पुढे त्याला सहा पानांची मर्यादा आली. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात आणि मग बोलतात. एकाच खोलीत, एकाच तासात आधी माहिती पोचते आणि मग अर्थ जुळतो. आपल्याकडे स्टेटस कॉल म्हणून जो रोज भरतो त्यात उलट होतं. वाचून दोन मिनिटांत कळेल ते प्रत्येक जण पाळीपाळीनं तोंडी सांगतो, आणि ज्यावर खरोखर मतभेद आहे त्या मुद्द्याला वेळ उरत नाही, म्हणून तो 'ऑफलाइन बोलू' म्हणून पुढे ढकलला जातो.

लिहिण्याची ताकद आणि त्याची अट, दोन्ही पुण्यातल्या आयटी कंपन्यांइतक्या स्वच्छ क्वचितच कुठे दिसतात. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचं आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचं अंतर असतं. समजा जून महिन्यात हिंजवडीतल्या एका अभियंत्यानं सकाळी ११ वाजता तिकडच्या सहकाऱ्याला लिहिलं: 'हाय, बिल्ड फेल होतंय, जरा बघता का?' तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. सहकारी त्यांच्या सकाळी ९ वाजता, म्हणजे पुण्याच्या रात्री साडेनऊला, हे वाचतो आणि विचारतो: 'कुठली ब्रँच? एरर काय येतेय?' पुण्याच्या अभियंत्याला आता दोनच वाटा. जेवण सोडून लॅपटॉप उघडायचा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर देऊन पुन्हा रात्रीची वाट पाहायची. एका अपुऱ्या ओळीनं अख्खा दिवस खाल्ला. हीच गोष्ट अशी लिहिता आली असती: कुठल्या ब्रँचवर, कधीपासून, नेमका कोणता एरर येतो, काय काय करून पाहिलं, संशय कशावर आहे, तुमच्याकडून कोणता निर्णय हवा आहे आणि कधीपर्यंत. आणि शेवटी एक ओळ: 'तुमचं उत्तर आलं नाही तर उद्या दुपारी मी आधीच्या आवृत्तीवर परत जातो.' या शेवटच्या ओळीकडे मी विशेष लक्ष वेधेन. तिच्यामुळे उत्तर उशिरा आलं तरी काम अडत नाही, आणि समोरच्याला गप्प राहूनही संमती देता येते. असा मजकूर लिहायला पंधरा मिनिटं जास्त लागतात. ती पंधरा मिनिटं एका माणसाची असतात; न लिहिल्यास जाणारा दिवस दोघांचा असतो.

याच पद्धतीवर किती मोठं काम उभं राहू शकतं याचा पुरावा लिनक्समध्ये आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज जगातल्या सर्व्हरांपासून अँड्रॉइड फोनांपर्यंत पसरली आहे. तिच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते, प्रत्येक आवृत्तीत हजाराहून अधिक लोकांचं काम असतं, आणि हे सगळं मुख्यतः ईमेलवर चालतं. बदल सुचवणारा आपला पॅच मेलनं पाठवतो. त्यात काय बदललं आणि का बदललं हे लिहिलेलं असतं, खाली जबाबदारी घेणाऱ्याचं नाव असतं. त्या त्या विभागाचा मेंटेनर सवडीनं तपासतो, ओळीओळीवर शेरे मारतो, सुधारून आलेला पॅच पुन्हा पाहतो. सगळा पत्रव्यवहार उघड आणि कायम जपलेला, त्यामुळे दहा वर्षांनी आलेल्या माणसालाही एखादी ओळ तशी का आहे हे शोधता येतं. तोंडी ठरलेल्या गोष्टींच्या बाबतीत हे अशक्य आहे. ठरवणारे नोकरी सोडून गेले की कारणही त्यांच्याबरोबर जातं. मात्र याच लिनक्सनं लिहिण्याची दुसरी बाजूही दाखवली. टॉरवाल्ड्स यांच्या मेल वर्षानुवर्षं बोचऱ्या, कधी अपमानकारक असत. सप्टेंबर २०१८मध्ये त्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली, काही काळ कामापासून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास प्रकल्पानं नवी आचारसंहिता स्वीकारली. मेंटेनर मंडळी दरवर्षी प्रत्यक्ष भेटतात, तेही उगाच नाही. पॅचबद्दलचा मतभेद मेलवर सुटतो. एकमेकांबद्दलचं मत निवळायला समोरासमोर बसावं लागतं.

इथेच सवडीच्या संवादावरचा सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. माणसं म्हणजे पॅच नव्हेत. नुसत्या लिहिण्यानं नाती सुकतात, नव्या माणसाला काही शिकायला मिळत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२०च्या पूर्वार्धातल्या संवादाचा अभ्यास 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे घरून काम करू लागल्यावर थेट संवाद घटला, सवडीचा वाढला, आणि कंपनीतले गट आपापल्यात बंद होत गेले. वेगवेगळ्या गटांना जोडणारे धागे विरळ झाले. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवलं की ईमेलमधला आपला सूर, थट्टा की गंभीर, वाचणाऱ्याला कळेलच असं लिहिणाऱ्याला वाटतं, प्रत्यक्षात तो बराच कमी कळतो. व्हिडिओ कॉल ही पूर्ण भरपाई आहे असंही नाही: मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेव्हाव यांनी २०२२मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेल्या प्रयोगांत व्हिडिओवर बसलेल्या जोड्यांना प्रत्यक्ष बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचल्या, सुचलेल्यांतून निवड करण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. तेव्हा नवा माणूस रुजू होताना, कुणाच्या कामावर टीका करायची असताना, गटात कुरबुर असताना, किंवा अजून प्रश्नच नीट कळलेला नसताना लिहीत बसू नये. उठून भेटावं, निदान फोन करावा. वाचून कळणारं सगळं लेखी केलं तरच या भेटींना वेळ उरेल, म्हणून हा आक्षेप मला माझ्या मुद्द्याच्या विरोधात जाणारा वाटत नाही.

दुसरा आक्षेप तातडीचा. सर्व्हर कोसळला, रुग्ण अत्यवस्थ आहे, गाडी सुटायची आहे, अशा वेळी कुणी टिपण लिहीत बसेल का? बसू नये. पण ज्या कामांत चूक झाली तर जीव जातो, तिथली माणसं नुसत्या तोंडी बोलण्यावर विसंबत नाहीत, हे पाहण्यासारखं आहे. आपल्याच रेल्वेचं घ्या. ज्या फाटकाचं सिग्नलशी इंटरलॉकिंग नसतं, तिथे गाडी येणार असली की स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो आणि आपल्याजवळच्या तक्त्यातला एक प्रायव्हेट नंबर फोनवर सांगतो. मास्तर तो नोंदवून घेतो. वापरलेला आकडा तक्त्यात खोडला जातो, आणि पुढचा आकडा कोणता असेल याचा अंदाज मास्तरला बांधता येत नाही, म्हणून 'हो हो, केलं बंद' असं नुसतं ऐकून कुणी स्वतःच नोंद भरू शकत नाही. बोलणं अर्ध्या मिनिटाचं, पण त्याचा लेखी पुरावा दोन्ही टोकांना. रुग्णालयांचंही तसंच. पाळी बदलताना एका डॉक्टरनं दुसऱ्याच्या हाती रुग्ण सोपवण्याची पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्ण विभागांत सुधारली गेली: ठरावीक क्रमानं तोंडी माहिती, सोबत लेखी तक्ता, आणि ऐकणाऱ्यानं ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगणं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०,७४० रुग्णांच्या नोंदींत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, आणि सोपवण्याला लागणारा वेळ वाढला नाही. तातडीतही लिहिणं सुटत नाही, ते फक्त आखूड होतं.

सरकारी कचेऱ्यांतली जुनी रीत या दृष्टीनं पुन्हा पाहावी अशी आहे. फाइल टेबलावरून टेबलावर जाते, प्रत्येक जण टिपणी लिहितो. एखाद्या मुद्द्यावर अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही की तो समासात लिहितो, 'चर्चा करावी'. संबंधित कर्मचारी जाऊन भेटतो, दोघं बोलतात, आणि परत आल्यावर टिपणी पुढे सुरू होते: 'झालेल्या चर्चेनुसार फेरसादर'. फाइलींच्या दिरंगाईची तक्रार रास्त आहे, आणि ती या लेखात धुऊन काढायचा माझा हेतू नाही. दिरंगाई होते ती कुठल्या टेबलावर फाइल किती दिवस थांबावी याचं बंधन पाळलं जात नाही म्हणून. म्हणजे पुन्हा उत्तर कधीपर्यंत, हाच प्रश्न. पण लिहिण्यातून बोलण्याकडे जाणं आणि बोलून झाल्यावर पुन्हा लेखीवर येणं, ही वळणं त्या पद्धतीत आहेत. चॅटवर चाळीस संदेशांची माळ लागली तरी 'आता पाच मिनिटं बोलू' असं कुणी म्हणत नाही, आणि कॉल झाल्यावर काय ठरलं ते त्याच थ्रेडमध्ये कुणी लिहीत नाही, अशा गटांनी ही वळणं जरूर उचलावीत.

लिहिण्यावर भर दिला की इंग्रजी सफाईदार लिहिणाऱ्यांचंच फावेल, अशी एक शंका आपल्याकडे घेतली जाते. मला परिस्थिती उलट दिसते. चालू कॉलवर, परदेशी क्लायंटसमोर, क्षणात इंग्रजीत मुद्दा मांडणं हे मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुला-मुलींना जास्त जड जातं. वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो, आणि ज्याला सगळ्यांत जास्त माहीत आहे तोच गप्प राहतो. लिहिताना शब्द शोधायला वेळ मिळतो, कुणाला दाखवून घेता येतं, यंत्राकडून भाषा तपासूनही घेता येते. एवढंच पाहावं की वाचणारे व्याकरणावर बोट न ठेवता मुद्दा वाचतील, आणि गट सगळा मराठी असेल तर मराठीत लिहायला मोकळीक असेल.

राहिला अधिकाराचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. नियम कितीही करा, रात्री ११ वाजता साहेबांचा मेसेज आला की हाताखालचा माणूस उत्तर देणारच. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियात तसा कायदा ऑगस्ट २०२४मध्ये लागू झाला, आणि आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक मांडलं होतं. असे कायदे असावेत असं मला वाटतं. पण ते संध्याकाळनंतरचा वेळ राखतील. दिवसभरातली धास्ती त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्या धास्तीबद्दल लॉरा जर्ज आणि व्हनेसा बॉन्स यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास फार उपयोगी आहे. तातडीच्या नसलेल्या मेलला पाठवणाऱ्याला जितक्या लवकर उत्तर अपेक्षित असतं, त्याहून बरंच लवकर ते अपेक्षित आहे असं वाचणाऱ्याला वाटतं, असं त्यांना आढळलं. आणि पाठवणाऱ्यानं 'घाई नाही, सवडीनं उत्तर द्या' एवढं लिहिलं तरी हा गैरसमज कमी होतो. म्हणून सुरुवात वरच्या माणसानं करायला हवी. चॅटला त्याच दिवशी, मेलला दुसऱ्या दिवसापर्यंत, खरी तातडी असेल तर फोन, असं काही गटानं ठरवून लिहून ठेवावं आणि साहेबांनी ते आधी पाळावं. रात्री सुचलेलं रात्री जरूर लिहावं, पण सकाळी ९ला जाईल अशी वेळ लावून ठेवावं. आणि दोन खंडांत विभागलेल्या गटांत जो एखादा तास खरोखर एकत्र बसण्याचा असतो, तो नेहमी पुण्याच्या रात्रीतूनच कापून का घ्यायचा, हे क्लायंटला विचारण्याचं धैर्य दाखवावं. एक आठवडा त्यांनी पहाटे उठावं, एक आठवडा आपण रात्री थांबावं.